माफीचा एक अर्ज आणि तीन चलाने

वाचकाचे पत्र:

"माझ्या नावावर तीन ई-चलाने थकली आहेत. पहिले चार महिन्यांपूर्वीचे. महामार्गावर रात्री 11.40 वाजता माझ्या कारचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या मर्यादेत 97 नोंदला गेला. दंड 2,000 रुपये. आईच्या छातीत दुखत होते आणि मी तिला रुग्णालयात नेत होतो. दुसरे चलान नो पार्किंगचे, ही कार ज्या शहरात कधी गेलीच नाही तिथले. तिसरे दीड वर्षापूर्वी सिग्नल तोडल्याचे, पण ती स्कूटर मी त्याआधीच विकली होती. कागदोपत्री नाव बदलायचे तेवढे राहून गेले. न्यायालयाकडून अजून काही आलेले नाही. तिन्हींसाठी मिळून वाहतूक शाखेला माफीचा एक अर्ज द्यावा का? ओळख लावली की रक्कम अर्ध्यावर येते, असे मित्र म्हणतात. अर्ज कसा लिहावा?"

उत्तर:

नमस्कार. तो एकत्रित अर्ज देऊ नका. तुमच्या तीन चलानांपैकी माफी मागण्यासारखे एकच आहे. दुसऱ्यावर हरकत घ्यायची आहे आणि तिसऱ्याचे मूळ आरटीओच्या नोंदीत आहे. माफी मागणे म्हणजे "चूक माझीच, शिक्षा हलकी करा" असे म्हणणे. जी गाडी तुमची नव्हतीच, तिच्याबद्दल असे लिहून दिले तर तो कागद पुढे तुमच्याच विरोधात जातो. माफी आणि हरकत एका पानावर आली की वाचणारा अधिकारी दोन्हींवर विश्वास ठेवत नाही, हे वेगळेच.

आधी मित्रांच्या सल्ल्याबद्दल. पोलीस चलानावर जी रक्कम घेतात ती कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 200 नुसार कोणत्या गुन्ह्याला किती शुल्क हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. महाराष्ट्रात सध्याचे वाढीव दर डिसेंबर 2021 पासून आहेत. चलान करणाऱ्या हवालदाराला किंवा त्याच्या वरिष्ठांना 2,000 चे 1,000 करण्याचा अधिकार त्या कलमात नाही. चुकीचे चलान ते रद्द करू शकतात, बरोबर चलान स्वस्त करू शकत नाहीत. त्यामुळे ओळख लावून "अर्ध्यावर" आणायला गेलात तर पैसे पावतीशिवाय जातील आणि चलान जिथल्या तिथे राहील. रक्कम खरोखर कमी होऊ शकते अशा जागा दोनच: न्यायालय आणि लोकअदालत.

आता वेगाचे चलान. सर्वप्रथम पोर्टलवर चलान क्रमांक टाकून फोटो उघडा आणि डाउनलोड करून ठेवा. नंबर प्लेट, गाडीचा रंग आणि मॉडेल, तारीख, वेळ, ठिकाण, नोंदलेला वेग आणि लागू केलेली वेगमर्यादा एवढे सगळे नीट पाहा. मर्यादा वाहनाच्या प्रकारानुसार आणि रस्त्याच्या भागानुसार बदलते, तेव्हा कारला अवजड वाहनाची मर्यादा लागलेली नाही ना, एवढी खात्री करा. कॅमेऱ्याने केलेल्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली नियम 167-अ आला. त्यानुसार यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते, कॅमेऱ्याची सूचना देणारे फलक लागतात आणि गुन्ह्याची सूचना 15 दिवसांच्या आत पाठवायची असते. यातले काही पाळले गेले नसेल तर तो हरकतीचा मुद्दा आहे, माफीचा नव्हे. "चलान उशिरा कळले" ही तक्रार मात्र बहुतेक वेळा टिकत नाही, कारण आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो आणि संदेश त्या नंबरवर वेळेत गेलेला असतो. तुमचाही तपासा आणि जुना असेल तर परिवहनच्या संकेतस्थळावर बदलून घ्या.

फोटो बरोबर असेल, वेग खरोखर 97 असेल, तर तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे चलानाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवून, रुग्णालयाचे कागद जोडून, परिस्थिती पाहता चलान रद्द करावे अशी विनंती करणे. पैसे लागत नाहीत, म्हणून करून पाहा. पण रुग्णाला नेणारी खासगी कार कायद्याने रुग्णवाहिका ठरत नाही आणि तिला वेगमर्यादेतून सूट नाही, त्यामुळे नकाराची तयारी ठेवा. या तक्रारीत फक्त घटना लिहा. "गुन्हा कबूल आहे" हे शब्द इथे नकोत, त्यांची जागा पुढे आहे. तक्रार केली म्हणून मुदत आपोआप थांबते असे समजू नका. चलानावर जी तारीख आहे तीच धरून चाला, तक्रारीचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपा.

दुसरी वाट न्यायालयाची. कलम 183 नुसार हलक्या मोटार वाहनासाठी पहिल्या वेळच्या अतिवेगाचा दंड किमान 1,000 आणि कमाल 2,000 रुपये आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांनी कितीही सहानुभूती दाखवली तरी दंडाच्या रूपात तुमची बचत जास्तीत जास्त 1,000 रुपयांची. आणि त्यासाठी न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागतो, म्हणजे तुम्ही दोषी ठरता. पोर्टलवर शुल्क भरून केलेली तडजोड ही दोषसिद्धी नसते. कलम 200 नुसार ती झाली की त्या गुन्ह्याचा खटला पुढे चालत नाही. हा फरक फार कमी लोकांना माहीत असतो. नोकरीच्या किंवा परवान्याच्या अर्जात "कधी दोषी ठरला आहात का" असा रकाना असतो, तिथे तो महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्यांदा अतिवेगात सापडलात तर कलम 183 खाली लायसन्सवरही कारवाई होते. म्हणून स्पष्ट सांगायचे तर, 2,000 रुपये भरणे तुम्हाला झेपत असेल आणि तक्रार फेटाळली गेली, तर भरून मोकळे व्हा. हजार रुपयांसाठी एका दिवसाचा रोजगार आणि एक दोषसिद्धी हा सौदा परवडत नाही.

झेपत नसेल, किंवा समन्स आलेच, तर मात्र माफीची विनंती नीट तयारीने करा. गुन्हेगार परिवीक्षा कायदा, 1958 च्या कलम 3 खाली, आधी दोषी ठरलेला नसलेल्या माणसाला दंडाऐवजी ताकीद देऊन सोडता येते आणि कलम 12 मुळे त्या दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. चलानाच्या खटल्यांत हे क्वचित घडते आणि तो तुमचा हक्क नाही, पण विनंती करता येते. बहुतेक लोक ती करतच नाहीत.

क्रम लक्षात ठेवा. न्यायदंडाधिकारी आधी "गुन्हा कबूल आहे का" असे विचारतात. हरकत घ्यायची असेल तर ती या प्रश्नाला "नाही" म्हणून. दयेची विनंती "हो" नंतर. "हो, पण कॅमेरा चुकला असेल" असे उत्तर दिले तर कबुलीच नोंदता येत नाही आणि प्रकरण पुढच्या तारखेला जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 208 खाली समन्समध्येच कधी कधी पर्याय दिलेला असतो: तारखेच्या आत नोंदणीकृत टपालाने कबुली द्या आणि ठरवून दिलेली रक्कम भरा. त्या पर्यायात हजर राहावे लागत नाही, पण तोंडी विनंतीची संधीही जाते. व्हर्च्युअल कोर्टात प्रकरण आले असेल तर तिथेही दोनच बटणे असतात, सुचवलेला दंड भरणे किंवा खटला लढवणे. लढवायचे निवडले की प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या न्यायालयात जाते.

अर्ज एका पानाचा असू द्या. साधारण असा:

"मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब, (ठिकाण) यांचे न्यायालयात.
विषय: ई-चलान क्र. ......, दि. ......, वाहन क्र. ......
वरील चलानातील वेगमर्यादा ओलांडल्याचा आरोप मला कबूल आहे. दि. ...... रोजी रात्री माझ्या आईच्या (वय ......) छातीत तीव्र वेदना सुरू झाल्याने मी तिला ...... येथील रुग्णालयात नेत होतो. रात्री 11.40 वाजता ...... येथे वेग 97 नोंदला गेला. आईला रात्री ...... वाजता अपघात विभागात दाखल केले. केसपेपर व डिस्चार्ज कार्डच्या प्रती जोडल्या आहेत. यापूर्वी माझ्याविरुद्ध वाहतुकीच्या कोणत्याही गुन्ह्यात दोषसिद्धी नाही. माझे मासिक उत्पन्न ...... असून त्याचा पुरावा जोडला आहे. प्रथम चूक व परिस्थिती विचारात घेऊन ताकीद देऊन सोडावे, अथवा किमान दंड करावा, ही विनंती.
दिनांक, सही, पत्ता, मोबाइल क्रमांक."

याहून जास्त काही लिहू नका. "सगळेच त्या वेगाने चालले होते", "मागची गाडी हॉर्न वाजवत होती", "कॅमेरा झाडामागे लपवला होता" ही वाक्ये लोक हौसेने लिहितात आणि ती प्रत्येक वेळी नुकसान करतात. त्यातून माणूस चूक मानतच नाही असे दिसते. आमदारांचे शिफारसपत्र तर अजिबात नको.

सगळा भार पुराव्यावर आहे आणि त्यातही वेळेवर. केसपेपरवर नुसती तारीख असेल तर रुग्णालयातून अपघात विभागाच्या नोंदवहीतील दाखल होण्याची वेळ असलेला दाखला मागून घ्या. कॅमेऱ्याच्या ठिकाणापासून रुग्णालयापर्यंतचे अंतर आणि दोन वेळांमधले मिनिटांचे गणित जुळले पाहिजे. गाडी रुग्णालयाच्या दिशेने जात होती हेही फोटोवरून दिसले पाहिजे. परतीच्या वाटेवरचे चलान असेल तर आजारपणाचे कारण उभे राहत नाही. वाटेत टोल असेल तर फास्टॅगचे विवरण जोडा. "108 ला फोन का केला नाही?" हा प्रश्न येणारच. केला असेल तर कॉलची नोंद दाखवा. केला नसेल तर खरे कारण एका वाक्यात सांगा. तुमचा वेग मर्यादेच्या 17 ने वर होता, ही जमेची बाजू आहे. हाच आकडा 140 असता तर आईच्या आजारपणाचे कारण उलटले असते, कारण धोकादायक वाहन चालवण्याचे कलम 184 समोर आले असते आणि रुग्णासकट सगळ्यांचा जीव धोक्यात घातला असे कोणीही म्हटले असते.

आणखी एक. कमी हानी करून मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, असा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 मध्ये आहे. काही वकील आजारपणाच्या प्रसंगात तो मांडतात. पण तो बचाव आहे. त्यासाठी "कबूल नाही" म्हणून खटला लढवावा लागतो, साक्षीपुरावा द्यावा लागतो. 2,000 रुपयांच्या चलानासाठी तो सुचवत नाही. लायसन्स निलंबित होण्याची वेळ आली असेल तर मात्र वकिलाशी बोला. उत्पन्न कमी असेल, किंवा गाडी घरातल्या बाईंच्या नावावर असून समन्स त्यांना आले असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मदत क्रमांक 15100.

तिसरी वाट लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, बहुधा शनिवारी भरते, आणि थकलेल्या चलानांसाठी दाखलपूर्व, म्हणजे खटला दाखल होण्याआधीच्या, नोटिसा मोबाइलवर येतात. तिथे सवलत मिळते तेव्हा चांगली मिळते, पण ती त्या वेळच्या धोरणावर आणि पॅनेलवर अवलंबून असते. "इतके टक्के नक्की माफ" असे फिरणारे संदेश खरे धरून मुदत घालवू नका. नोटीस आली नसली तरी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चलान क्रमांक दाखवून प्रकरण ठेवता येईल का हे आधीच विचारा. लोकअदालतीच्या दिवशी सकाळी थेट गेलात तर रांग मोठी आणि यादीत नाव नाही, असे होते. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. दारू पिऊन गाडी चालवण्यासारखे तडजोड न होणारे गुन्हे तिथे चालत नाहीत.

म्हणूनच दुसरे चलान, ते परक्या शहरातले, लोकअदालतीत नेऊ नका. तिथे जाणे म्हणजे काहीतरी भरायला तयार होणे. फोटो पाहा. बहुतेक वेळा अशा चलानात एकतर आकडा चुकीचा वाचलेला असतो (8 आणि बी, 0 आणि डी, 5 आणि एस यांची गल्लत नेहमीची, विशेषतः वळणदार अक्षरांच्या प्लेटवर), किंवा कोणीतरी तुमचा नंबर आपल्या गाडीला लावलेला असतो. पहिल्या प्रकारात काम सोपे आहे. पोर्टलवर तक्रार करा, आरसीची प्रत जोडा आणि तुमच्या कारचे पुढून, मागून, बाजूने असे आजचे फोटो लावा. लिहायचे एवढेच: "चलानातील वाहनाचा क्रमांक ...... असा वाचला जातो, माझ्या वाहनाचा क्रमांक ...... आहे. रंग व मॉडेल वेगळे आहे. चलान रद्द करावे." रागाचा एकही शब्द नको.

फोटोत नंबर हुबेहूब तुमचाच असेल आणि गाडी दुसरी असेल, तर प्रकरण गंभीर आहे. त्या गाडीने उद्या कुणाला उडवले तर पोलीस तुमच्या दारात येतील. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या, मग ती पोच जोडून पोर्टलवर हरकत नोंदवा. त्या तारखेला कार कुठे होती हे दाखवणारे काहीही चालते: फास्टॅगचे विवरण, कार्यालयाच्या किंवा सोसायटीच्या गेटची नोंद, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, पेट्रोल पंपाची नंबर छापलेली पावती. सोसायटीचे सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, तेव्हा पुढच्या वेळी असा संदेश आला की त्याच दिवशी ते मागून घ्या. उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावली नसेल तर लावून घ्या. तिच्यावरचा लेझर क्रमांक वाहन प्रणालीत नोंदलेला असतो आणि खरी गाडी कोणती हे त्यावरून सिद्ध करता येते.

तिसऱ्या चलानात तुमची बाजू खरी आहे आणि तरीही कमकुवत आहे. वाहन विकल्यावर त्याच राज्यातला व्यवहार असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवणे ही विकणाऱ्याची जबाबदारी, असे कलम 50 सांगते. त्यासाठी फॉर्म 29 असतो. फॉर्म 30 नाव बदलण्याचा. तो भरला नाही तोवर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अपघात भरपाईच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले की, नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, गाडी किती हातांतून फिरली याला महत्त्व नाही. म्हणजे सिग्नलचे चलान ही यातली सगळ्यात लहान डोकेदुखी आहे. तीच स्कूटर विमा नसताना अपघातात सापडली तर भरपाईची रक्कम लाखांत जाऊ शकते आणि नोटीस तुमच्या नावे येते.

म्हणून इथे उलट्या बाजूने चाला. खरेदीदाराला गाठा आणि विक्रीची पावती, व्यवहाराच्या रकमेची बँकेतली नोंद, त्याच्या ओळखपत्राची प्रत असे जे असेल ते एकत्र करा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन आरटीओत दाखल करा. थकलेले चलान हस्तांतराच्या वेळी आडवे येते, त्यामुळे ते त्यानेच भरावे असे त्याला सांगा. भरत नसेल तर तुम्ही भरून टाका. सिग्नलसाठी कलम 177 खाली पहिल्या वेळचा दंड 500 रुपयांपर्यंतच आहे आणि तेवढ्यात हस्तांतर सुटणार असेल तर वाद घालू नका. खरेदीदार सापडतच नसेल तर विक्रीचे पुरावे जोडून आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या. वाहन कोण चालवत होते याची माहिती पोलिसांनी मागितली तर कलम 133 खाली ती देणे मालकाचे कर्तव्य आहे. तिथे खरेदीदाराचे नाव व पत्ता लेखी द्या.

या चलानाला दीड वर्ष झाले आहे, त्यामुळे कोणीतरी तुम्हाला मुदतीचा मुद्दा सांगेल. तो खरा आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 514 सांगते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हीच तरतूद कलम 468 मध्ये होती. पण न्यायालय सबळ कारणाने उशीर माफ करू शकते. शिवाय सहा महिने झाले म्हणून चलान यंत्रणेतून आपोआप पुसले जात नाही. समन्स आले तर हा मुद्दा जरूर मांडा. समन्स आलेले नसताना त्याच्या भरवशावर स्कूटर स्वतःच्या नावावर ठेवून बसू नका.

पैसे कुठेही भरा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून नाही आणि चलानाच्या नावाने आलेली एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) उघडून तर मुळीच नाही. पत्ता स्वतः टाइप करा. सरकारी पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असते. न्यायालयात किंवा लोकअदालतीत भरलेली रक्कम पोलिसांच्या पोर्टलवर कधी कधी दिसतच नाही आणि वर्षभराने तेच चलान पुन्हा थकबाकीत झळकते. त्यामुळे पावतीवर चलान क्रमांक लिहिला आहे का हे खिडकीवरच पाहा, आदेशाची प्रमाणित प्रत मागा आणि पंधरा दिवसांनी पोर्टल तपासा. तरी दिसत नसेल तर दोन्ही कागद जोडून "चलान निकाली काढावे" अशी तक्रार नोंदवा.